खळ्यावरून गेलेला महामार्ग

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, म्हणून ओळखीचे एक मास्तर माझ्या मागे लागले. मी त्यांना सांगितलं, माझ्या नोकरीत काही घडत नाही. रोलर पुढे जातो, रोलर मागे येतो. ते म्हणाले, तेच लिहा. तेव्हा वाचून कंटाळा आला तर बोल त्यांना लावावा, मी पत्ता देईन.

मनोरहून निघून विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत तोरंगणचा घाट चढून त्र्यंबककडे जाणारा जो रस्ता आहे, त्यावर मी सरकारी खात्याचा रोड रोलर चालवला. जव्हारपासून मोखाड्याच्या पुढे घाटाच्या तोंडापर्यंतचा भाग माझा. माझा म्हणजे, रस्ता सरकारचा आणि रोलरही सरकारचा, पण खड्डा पडला की लोक मलाच शिव्या द्यायचे, त्यामुळे माझाच म्हणायला हरकत नाही.

रोलर चालवायला अक्कल लागत नाही असं लोकांना वाटतं. नोकरीला लागेपर्यंत मलाही तसंच वाटायचं. खडी पसरायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि दाबायचं. पण दाबायचं ते कडेकडून मध्याकडे. रस्त्याला पाठ असावी लागते, म्हणजे मध्ये जरा उंच आणि दोन्ही बाजूंना उतार, पाणी निघून जायला. आमच्याकडचा पाऊस असा, की पाठ नसलेला रस्ता गणपतीपर्यंत ओढ्यात जाऊन बसतो. डांबरावर चाक कोरडं चालत नाही, खडी उचलून आणतं, म्हणून चाकाला सारखं पाणी लागतं. आणि गरम डांबरावर रोलर उभा करायचा नाही, खळगा पडतो. विडी पेटवायची तर चालता चालता, शिंकायचं तरी चालता चालता.

वेगाबद्दल न बोललेलं बरं. डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेल्या बायका मला मागे टाकून जायच्या आणि वळून हसायच्या. पहिली काही वर्षं वाईट वाटलं. मग सवय झाली, आणि त्यातल्या काहींच्या लेकींनीही पुढे मला मागे टाकलं. मोखाड्याचा एक गृहस्थ तर बाजाराच्या दिवशी मुद्दाम माझी वाट बघायचा. आपली पिशवी रोलरला अडकवायचा आणि शेजारून चालत घरी जायचा. वर बस म्हटलं तर म्हणायचा, नको, मला घाई आहे.

या रस्त्याचा इतिहास जो तो आपापला सांगतो. जव्हारच्या पेठेतली जुनी माणसं म्हणतात, संस्थानच्या काळात राजाच्या मोटारीसाठी झाला. मोखाड्याचे व्यापारी म्हणतात, त्याच्या कितीतरी आधी घाटावरून बैलगाड्या यायच्या, त्यांनी केला. पाड्यांवरची माणसं म्हणतात, रस्ता ढोरांनी केला. गुरं ज्या वाटेनं पाण्यावर जायची, त्याच वाटेनं गाडीवान आले, मग राजा आला, मग सरकार आलं. मला यात कुणाचं खोटं वाटत नाही. रस्ता खणला की खाली सगळ्यांचे थर लागतात, आणि गुरं तर अजूनही वरून चालतात.

आधी हा साधा रस्ता होता, मग राज्य महामार्ग झाला, आणि माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी राष्ट्रीय महामार्ग झाला. मध्येच जिल्हाही बदलला, ठाण्याचा पालघर झाला. एवढ्या काळात मी रोलर चालक म्हणून लागलो आणि रोलर चालक म्हणूनच सुटलो. बढती रस्त्याला मिळाली. त्याचं मला दुःख नाही असं लिहायला पाहिजे, पण थोडं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

जव्हार आणि मोखाड्याच्या मध्ये हेदीचा पाडा नावाची वस्ती आहे. रस्ता तिथे एका टेकाडाला मोठा वळसा घालून जायचा. वळणावर बसचा थांबा, थांब्याच्या खालच्या अंगाला पाडा. भाताची चार वावरं, वर माळावर नागली, म्हणजे नाचणी. दिवाळी झाली की बहुतेक घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे नाहीतर वसईकडे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीला परत येतात. त्या पाड्यातल्या जिवलीबाईची आणि माझी ओळख फार जुनी, आणि ती तिच्या नागलीमुळे झाली.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. ती तरुण होती, कडेवर पोर होतं. रस्त्यावर नागलीची कणसं पसरून ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, एवढं चाक फिरव, आमचं झोडायचं काम वाचंल. मी विचार केला, कुणाच्या उपयोगी पडतोय, फिरवू या. फिरवलं. दाणे निघाले नाहीत, एकदम पीठच झालं. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. तिनं पीठ निरखून बघितलं, जात्याचं काम पण झालं म्हणाली आणि फडक्यात भरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्याच पिठाची भाकरी मला आणून दिली. दाताखाली खडी यायची, पण मी खाल्ली. तेव्हापासून मी तिथून गेलो आणि भाकरी मिळाली नाही असं सहसा झालं नाही.

राष्ट्रीय महामार्ग म्हटल्यावर वळसे चालत नाहीत. मोजणीवाले आले, खुणा झाल्या, आणि ठरलं की टेकाडाचा खांदा कापून रस्ता सरळ न्यायचा. काम एका कंपनीकडे गेलं. तिची यंत्रं आमच्या रोलरच्या मानानं विमानंच होती. मी आणि माझा रोलर साइडपट्ट्यांवर आलो, म्हणजे डांबराच्या कडेला मुरूम टाकतात तो दाबायला. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, मी तक्रार केली नाही.

टेकाड कापलं तेव्हा दोन्ही बाजूंना उभ्या भिंती तयार झाल्या आणि मधून सरळ, काळा, गुळगुळीत रस्ता. बघायला छान. पण जुनं वळण आता कुणाचंच राहिलं नाही. महामार्गवाले म्हणत, ते आमच्या नकाशात नाही. बाकीचे म्हणत, ते महामार्गवाल्यांचं. नवा रस्ता सुरू झाला की बस सरळ जाणार आणि थांबा कापलेल्या टेकाडाच्या पार पलीकडच्या टोकाला जाणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

हे सगळ्यात जास्त कळलं होतं जिवलीबाईच्या नातीला, मंदाला. ती जव्हारच्या कॉलेजात अकरावीला होती. वसतिगृहात नंबर लागला नव्हता, म्हणून रोज पहाटेच्या बसनं वळणावरून जायची आणि दुपारच्या बसनं परत यायची. पाड्यातून अशी जाणारी ती एकटीच. आईबाप भट्टीवर गेले की घरात ती आणि म्हातारी. वळणावर बस येत होती तोवर हे जमत होतं. पण थांबा पलीकडे गेल्यावर थंडीतल्या अंधारात त्या कापलेल्या भिंतींमधून, ट्रकांच्या शेजारून, एकट्या पोरीनं कसं जायचं? तिथे बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती, साइडपट्टी मीच दाबली होती, तेव्हा मला माहीत आहे. दुसरी वाट रानातली.

तिचा बाप लहानू. मी पीठ केलं तेव्हा कडेवर होता तो. फार कमी बोलणारा, वाईट माणूस नाही. त्यानं सांगून टाकलं होतं, वळणावर गाडी आली तर पोर शिकंल, नाय आली तर दिवाळीनंतर आमच्यासोबत भट्टीवर येल. यात त्याला काही चुकीचं वाटत नव्हतं.

जिवलीबाईनं एकदा भाकरी देता देता मला सांगितलं, की सरकारला सांग. मी म्हटलं, बाई, मी रोलर चालवतो. ती म्हणाली, रोलर सरकारचाच हाय ना, मंग सांग. मी कंपनीच्या तरुण इंजिनिअरला सांगितलं. हा बाहेरच्या राज्यातला, सज्जन मुलगा, मराठी शिकत होता. तो म्हणाला, बसवाल्यांना विचारा. बसच्या कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला, वळणाचा रस्ता कोण राखणार ते आधी सांगा. मी परत इंजिनिअरकडे गेलो नाही. आमच्या रोलरसारखंच होतं ते, पुढे जायचं आणि मागे यायचं.

दिवाळीच्या तोंडावर नव्या रस्त्याची पाहणी ठरली. वरचे साहेब येणार, बघणार, आणि मग रस्ता खुला होणार. आदल्या दिवशी आम्ही झाडून, धुऊन सगळं लख्ख केलं. पाहणीच्या दिवशी सकाळी मी रोलर घेऊन टेकाडाच्या कापातून पुढे आलो आणि बघतो तर रस्त्याच्या बरोबर मधोमध खळं.

इथे एक खुलासा केला पाहिजे. पाड्याचं खळं, म्हणजे पीक झोडायची, वाऱ्यावर वारवायची सारवलेली जागा, पूर्वीपासून त्याच माळावर होतं. नवा रस्ता नेमका त्याच्यावरून गेला. आपण म्हणू खळं गेलं. पाड्यातल्या माणसांच्या मते खळं तिथंच होतं, सरकारनं ते नीट सपाट करून, काळं सारवून, वर झाडूनही दिलं होतं. आणि गाड्या तर अजून जुन्या वळणानंच जात होत्या. मग एवढी चांगली जागा सोडून नागली चिखलात कोण झोडणार? आम्ही झाडून गेल्यावर त्यांनी रातोरात झोडली, वारवली, आणि त्या दिवशी सकाळी रास घातली.

रास म्हणजे धान्याचा ढीग. ही माणसं धान्याला कणसरी म्हणतात, ती देवी. राशीभोवती राखेचं रिंगण घालतात, झेंडू वाहतात, नारळ ठेवतात. मग रास मापून गोणीत भरायची. मापताना रिंगणात कुणी बोलत नाही, एक शब्दसुद्धा नाही. चप्पल घालून कुणी आत येत नाही. आणि रिंगण मोडलं, तर मापलेलं सगळं पुन्हा राशीत ओतायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

मी रोलर बाजूला घेतला. घाई करा म्हणून सांगायला चपला काढून आत गेलो, आणि तिथेच फसलो. मी तोंड उघडायच्या आत जिवलीबाईनं गोणीचं तोंड माझ्या हातात दिलं आणि डोळ्यांनीच दटावलं. आता मी रिंगणात होतो. लहानू माप भरत होता, मी गोणी धरून उभा होतो, सगळा पाडा अनवाणी गप्प बसला होता. काम छान चाललं होतं.

तेवढ्यात इंजिनिअरची गाडी आली. तो धावतच आला. हे काय आहे, कुणाचं आहे, कोण जबाबदार, असं मराठीत आणि मग हिंदीत विचारलं. कुणी बोललं नाही. त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही, म्हणून जवळ आला आणि बूट राखेवर पडला. लहानूनं शांतपणे माझ्या हातची गोणी घेतली, सगळी नागली परत राशीत ओतली, एका बाईनं राख सारखी केली, आणि माप पहिल्यापासून सुरू झालं. इंजिनिअर चक्रावला. तो हात जोडून विनंती करायला आणखी पुढे आला. पुन्हा ओतली. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मला त्याची दया आली, पण मला सांगता येत नव्हतं आणि मान हलवली तर तो अजूनच जवळ यायचा.

शेवटी तो मागे सरला आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, की गावकऱ्यांनी मूक आंदोलन सुरू केलं आहे, रस्ता अडवला आहे, आणि खात्याचा एक माणूसही त्यांच्यात आहे.

साहेबांच्या गाड्या आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. साहेब मुरलेले होते, अशी आंदोलनं त्यांनी बरीच पाहिली असणार. आवाज न चढवता ते म्हणाले, की आपण चर्चेला तयार आहोत, पुढारी कोण? सगळे नागलीकडे बघत होते. मग त्यांची नजर माझ्या खाकी शर्टावर आली.

"तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले.

मी गोणीचं तोंड धरून उभा होतो. एवढी वर्षं नोकरी केली, एक डाग नाही, आणि शेवटच्या महिन्यांत सरकारी गणवेशात रास्ता रोको. पेन्शन अडकली तर घरी काय सांगायचं? एक वाक्य बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. पण लहानूचं चौथ्यांदा भरत आलेलं माप बघितलं आणि नाही बोललो. भीतीपेक्षा जिवलीबाईच्या डोळ्यांचा धाक जास्त होता, दुसरं काही नाही.

त्याच वेळी दुपारची बस जुन्या वळणावर थांबली असावी, कारण पाठीला दप्तर लावून मंदा टेकाडावरून उतरली. ती राखेच्या बाहेरच थांबली, पायात सँडल होत्या. साहेबांनी तिला विचारलं, तू यांच्यातलीच का? ती हो म्हणाली. साहेबांना हायसं वाटलं, कारण सकाळपासून त्यांच्या माणसांना मिळालेलं ते पहिलं उत्तर होतं.

"मग सांग, काय मागणी आहे यांची?"

मंदानं राशीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आजीकडे बघितलं. मागणी वगैरे काही नाही हे तिला एका नजरेत कळलं होतं. रास मापतायत साहेब, आत्ता उठतील, असं ती म्हणणार होती. मी तिच्या अगदी समोर होतो, मला दिसलं. तोंड उघडलं तिनं, आणि मग मिटलं. तिनं साहेबांच्या गाड्यांकडे बघितलं, मग मागे जुन्या वळणाकडे.

"बस जुन्या वळणानं गेली पाहिजे, साहेब," ती म्हणाली. "पहाटेची आणि दुपारची."

"आणि?"

"आणि काही नाही."

साहेब जरा हिरमुसले. ते बऱ्याच मोठ्या मागण्यांची तयारी करून आले होते. त्यांनी बाजूला जाऊन दोनतीन फोन केले. परत येऊन सांगितलं, जुनं वळण खातं सांभाळेल, वरून एकदा दाबून घेऊ, दोन बसगाड्या प्रायोगिक तत्त्वावर तिकडून जातील, आगारात बोलणं झालं आहे. आता या लोकांना उठायला सांग. मंदा म्हणाली, उठतील, पण रास मापून झाल्यावर. साहेब म्हणाले, ठीक आहे, आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. इंजिनिअर त्यांच्यावर छत्री धरून उभा राहिला. सगळं माप होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

शेवटची गोणी शिवली, नारळ फुटला आणि सकाळपासून दाबून धरलेलं सगळ्यांचं बोलणं एकदम सुटलं. जिवलीबाई खोबऱ्याचा तुकडा घेऊन थेट साहेबांकडे गेली, त्यांना जेवलात का विचारलं, ओंजळभर नागली त्यांच्या रुमालात बांधून दिली. मग नातीकडे वळून तिनं विचारलं, ही माणसं कशाला आलती?

माझ्याकडून खुलासा मागितला गेला, आंदोलनात सहभागी का झालात म्हणून. मी लिहून दिलं, की मी फक्त गोणी धरली होती. त्यावर पुढे काही आलं नाही. खरं होतं त्यामुळे असेल, किंवा कुणाला समजलं नसेल.

नोकरीतलं माझं शेवटचं काम म्हणजे ते जुनं वळण. कंपनीच्या यंत्रांना तिकडे यायची आज्ञा नव्हती, माझ्या रोलरला होती. कडेकडून मध्याकडे, जितक्या सावकाश करता येईल तितक्या सावकाश केलं. एरवी एका फेरीत भागलं असतं तिथे मी पुन्हा पुन्हा फिरवलं. चाकाची खूण उमटेना तरी फिरवत होतो. मला ते आवडत होतं, याहून वेगळं कारण नाही.

दिवाळी झाली आणि भट्टीवाल्या शेठचा ट्रक पाड्यावर आला. मी वळणावरचं सामान आवरत होतो. भांडी, बोचकी, कोंबड्या, पोरं, सगळं ट्रकात चढलं. मंदा खाली उभी होती. आई तिच्याकडे न बघता चढली, कारण बघितलं असतं तर रडू आलं असतं. लहानू चढता चढता थांबला आणि माझ्याकडे आला. एवढ्या वर्षांत तो आपणहून माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही.

"भाऊ, गाडी येल ना रोज?"

सरकारी कामात प्रायोगिक या शब्दाचा अर्थ काय होतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी मी म्हटलं, येईल. तो चढला, ट्रक गेला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस मीही निवृत्त झालो. नारळ, शाल, आणि माझ्या सावकाशपणावर सगळ्यांची भाषणं.

मग एकदा जव्हारला तो कंडक्टर भेटला. त्यानं जे सांगितलं त्यानं मला धक्का बसला. तो म्हणाला, वळणावर आता एकच प्रवासी असतो, ती पोरगी. एका माणसासाठी एवढा वळसा किती दिवस घालणार? थांबा असाच रिकामा राहिला तर वळसा बंद करायचा, असं ठरतंय. मी तिलाही सांगून ठेवलंय, म्हणजे ऐन वेळी अडचण नको.

बरोबरच होतं त्याचं. पाडा भट्टीवर गेलेला, थांब्यावर गर्दी कुठून येणार? मी घरी आलो आणि जेवलो नाही. लहानूला मी येईल म्हणून सांगितलं होतं. पाड्यावर जाऊन मंदाला, जिवलीबाईला भेटावं असं रोज वाटायचं आणि तोंड दाखवायची लाज वाटून मी जायचो नाही. बायको म्हणाली, नोकरीत होतात तेव्हा तरी घरी गप्प बसत होता, आता उसासे टाकता. मी भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर पडायला लागलो.

पौषातली गोष्ट. दुपारी मेथी घेऊन जव्हारच्या बस स्टँडवरून घरी येत होतो. स्टँडच्या ओट्यावर एका रांगेत सात-आठ म्हातारी माणसं उन्हाला बसली होती. मध्ये जिवलीबाई. बाकीचे सगळे हेदीच्या पाड्याचेच, जे भट्टीवर नेण्याच्या कामाचे राहिले नाहीत म्हणून मागे ठेवलेले. कुणाला धड दिसत नव्हतं, कुणाचे गुडघे गेलेले. फडक्यात भाकरी बांधलेल्या.

मी घाबरलो. विचारलं, दवाखान्यात आलात का, कोण आजारी आहे? नाय, म्हणाली. बाजाराला? नाय. मग तहसीलला काही काम?

"काम काय नाय, भाऊ," जिवलीबाई म्हणाली. "गाडी भराया आलोय."

मला कळायला वेळ लागला. मग तिनं सांगितलं. पोरगी रडत घरी आली, थांबा रिकामा दिसला तर गाडी बंद होईल म्हणाली. मग काय, थांबा रिकामा दिसू द्यायचा नाही. म्हाताऱ्यांना तिकिटाची सवलत असते. पहाटे सगळे मंदाबरोबर गाडीत चढायचे, जव्हारला यायचे, कॉलेज सुटेपर्यंत या ओट्यावर बसायचे आणि तिच्याबरोबर परत जायचे. शेरडं राखायला आळीपाळीनं एकानं मागे राहायचं. यातल्या निम्म्यांनी आधी जव्हार पाहिलंही नव्हतं आणि आता त्यांना स्टँडचा कंटाळा आला होता. लाखू म्हणून एक म्हातारा होता, त्याला बस लागायची. तो रोज यायचा आणि रोज ओकायचा.

मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेत मी उभा राहिलो.

कॉलेज सुटलं, मंदा आली. मला बघून हसली, मग ओट्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. लाखूबाबा कुठाय, तिनं विचारलं. जिवलीबाई म्हणाली, ताप हाय त्याला, पहाटेचाच उठला नाय. उद्या पण नाय येणार. कंडक्टर दारात उभा राहून एकेकाला वर घेत होता आणि मनात मोजत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. जिवलीबाईला मंदानं आणि दुसऱ्या एका म्हातारीनं आधार देऊन चढवलं.

तिच्या मागोमाग मी चढलो आणि लाखूच्या जागेवर बसलो.

कंडक्टर तिकिटाचं यंत्र घेऊन आला. माझ्याकडे बघितलं, मेथीकडे बघितलं.

"काका, कुठं?"

"जुनं वळण," मी म्हणालो. "आणि उद्या पहाटे तिथूनच जव्हार."